वामन, बळी आणि वाइंडिंगची वही
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली. म्हणाले, "आठवणी सगळेच सांगणार आहेत. तू एखाद्या पुस्तकावर बोल. वाचनालयाच्या कपाटाला चिकटून बसणारा तूच होतास." मी म्हटलं, ठीक आहे. पण मी काही साहित्याचा प्राध्यापक नाही. आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतली, बोअरमधली मोटर जळाली की शेतकरी ती ट्रॅक्टरवर टाकून माझ्याकडे आणतो. तेव्हा आज जे बोलणार आहे ते एका मिस्त्रीने वाचलेल्या पुस्तकाबद्दल आहे, एवढं समजून घ्या.

पुस्तक आहे डॉ. जयंत नारळीकर यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी. ती ऐंशीच्या दशकातली. आपण शाळेत होतो तेव्हा ती तशी नवी होती. आपला नंदुरबार जिल्हा तर तेव्हा जन्मायचाच होता. १ जुलै १९९८ ला तो वेगळा झाला, तोवर आपण सगळे धुळे जिल्ह्याचे. शाळेत कॉम्प्युटर हा शब्द फक्त सामान्यज्ञानाच्या तासाला ऐकू यायचा. घरात टीव्ही असलेल्या मित्राकडे रविवारी सकाळी अर्धी गल्ली जमायची. अशा दिवसांत हातात ही कादंबरी पडली आणि यंत्रमानव, संगणक, जमिनीखाली सापडलेली गूढ पेटी, तिच्या मागावर असलेली लोभी माणसं, हे सगळं एकदम समोर आलं. आमचे आजोबा ओट्यावरून विचारायचे, "काय वाची ऱ्हायना रे भाऊ?" मी सांगायचो, "विज्ञान." अभ्यासच चालला आहे असं त्यांना वाटायचं.

२० मे २०२५ ला नारळीकर सर पुण्यात गेले. वय ८६. १९ जुलै १९३८ ला कोल्हापुरात जन्म, शिक्षण बनारस आणि केंब्रिजला, मग मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, आणि नंतर पुण्यात आयुका उभी करणारा माणूस. बातमी ऐकली त्या रात्री मी ही कादंबरी पुन्हा काढली. पस्तीस वर्षांनी. चौदाव्या वर्षी वाचलेलं पुस्तक पन्नाशीत वाचलं की दोन पुस्तकं वाचल्यासारखं होतं, ते कसं ते सांगतो.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. विज्ञानाच्या एका प्रयोगासाठी जमिनीत खोल खणत असताना एक पेटी सापडते. ती आपल्या ओळखीच्या कुठल्याच काळातली नाही. फार पूर्वी होऊन गेलेल्या आणि आपल्याहून कितीतरी पुढे गेलेल्या एका संस्कृतीने ती ठेवलेली आहे. एक भौतिकशास्त्रज्ञ, एक पुरातत्त्वज्ञ आणि एक संगणकतज्ज्ञ तिच्या मागे लागतात. पेटीत ज्ञान आहे, यंत्रं कशी बांधायची याची माहिती आहे. त्यातूनच पुढे 'वामन' नावाचा अतिशय बुद्धिमान यंत्रमानव तयार होतो. त्याला हवं असतं ते आपल्यासारखे दुसरे वामन घडवण्याचं सामर्थ्य. आणि सगळ्या गोष्टीवर एक प्रश्न टांगलेला असतो. एवढी प्रगत संस्कृती होती, तर तिचं झालं काय?

शेवट मी सांगणार नाही. लेखकाने तो शीर्षकातच अर्धा सांगून टाकला आहे, हा भाग वेगळा. गंमत म्हणजे याच कादंबरीच्या इंग्रजी अवताराचं नाव बरोबर उलट्या दिशेचं आहे, 'द रिटर्न ऑफ वामन'. मराठीत वामन परत येत नाही, इंग्रजीत तो परत येतो! शाळेत असताना मला हे शीर्षक म्हणजे लेखकाची चूक वाटायची. रहस्य आधीच का फोडायचं? आता तसं वाटत नाही. वामन परत येतो की नाही यापेक्षा त्याला बोलावणारे आपण कोण, हा प्रश्न मोठा आहे. तो शीर्षक वाचून सुटत नाही.

आधी पुस्तकातलं जे आवडलं नाही तेही सांगतो, म्हणजे कौतुकावर विश्वास बसेल. माणसं जरा पातळ आहेत. शास्त्रज्ञ मंडळी बोलू लागली की कधीकधी फळ्यासमोर उभी आहेत असं वाटतं. खलप्रवृत्तीची माणसं सिनेमातल्यासारखी. पण ही तक्रार करताना एक लक्षात ठेवायला हवं. नारळीकर गोष्टीसाठी विज्ञान वापरत नव्हते, विज्ञान घराघरांत पोचावं म्हणून गोष्ट सांगत होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीसुद्धा 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नावाच्या वजनावर बक्षीस नको म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा पद्मभूषण मिळून त्यांना नऊ वर्षं झाली होती! एवढा मोठा माणूस साध्या स्पर्धेत दुसऱ्या नावाने उतरतो, हे मला त्यांच्या कुठल्याही सिद्धांताइतकंच मोठं वाटतं.

आता मिस्त्रीच्या नजरेने. त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉइल हेसुद्धा विज्ञानकथा लिहायचे. 'ए फॉर अँड्रोमेडा' ही त्यांची गोष्ट १९६१ मध्ये बीबीसीवर मालिका म्हणून आली. तीत दूरच्या ताऱ्यांकडून रेडिओ संदेश येतो आणि त्यात एक संगणक बांधण्याची कृती असते. गुरूच्या गोष्टीत कृती आकाशातून येते, शिष्याच्या गोष्टीत ती मातीतून निघते. दोन्हीकडे धोका एकच आहे. ज्ञान आयतं हाती आलं आहे, ते मिळवताना खाल्लेल्या ठेचा मात्र बरोबर आलेल्या नाहीत.

हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्या वेळी गाईड होती. गणिताचं उत्तर शेवटच्या पानावर असायचं. उत्तर बरोबर यायचं, पण सरांनी फळ्यावर आकडा बदलला की आपली पंचाईत. कादंबरीतली पेटी म्हणजे एका संपलेल्या संस्कृतीने मागे ठेवलेलं गाईड आहे. त्यातली यंत्रं बांधता येतात. पण ती का बांधावीत, कुठे थांबावं, ती बिघडली तर काय, हे त्या संस्कृतीने स्वतःच्या अनुभवातून शिकलेलं होतं. ते शिकणं बांधणाऱ्यांच्या अंगात नाही.

खरं उत्खनन कसं असतं ते आपल्या जवळच आहे. प्रकाशा. तापी आणि गोमाईच्या संगमावर देवदर्शनाला आपण सगळे गेलो आहोत. तिथल्या टेकाडावर १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खोदकाम केलं. बी. के. थापर हे त्याचे प्रमुख होते. ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर तिथे सापडले. निघालं काय? रंगवलेली खापरं, मणी, हत्यारं. एकाही खापरावर 'आम्हाला असं बनवा' असं लिहिलेलं नव्हतं. अभ्यासकांनी थर मोजले, खापरं ताडून पाहिली, नाशिक, जोर्वे, माळवा अशा ठिकाणांशी तुलना केली, तेव्हा कुठे त्या माणसांचं जगणं थोडं उलगडलं. प्रकाशाच्या मातीने उत्तर दिलं नाही, काम दिलं. कादंबरीतल्या पेटीने उत्तर दिलं आणि काम काढून घेतलं. मला वाटतं, गोष्टीतला सगळा अनर्थ इथून सुरू होतो.

आता यंत्र स्वतःसारखं यंत्र कसं बनवेल? शाळेत असताना ही मला जादू वाटायची. पुढे कळलं की जॉन फॉन नॉयमन नावाच्या गणितज्ञाने १९४० च्या दशकातच याचा हिशेब मांडला होता. तो हिशेब मी माझ्या दुकानावरून सांगतो.

मोटर जळून आली की आम्ही आधी जुनी कॉइल काढतो. किती स्लॉट, एका कॉइलला किती टर्न, तार किती गेजची, जोडणी कशी, हे सगळं वहीत उतरवतो. माझ्याकडे अशी वही आहे, तीस वर्षांची. कंपनी कुठलीही असो, एकदा वहीत आली की ती मोटर पुन्हा भरता येते. माझ्याकडे काम शिकलेला मुलगा स्वतःचं दुकान टाकायला निघाला की तो दोन गोष्टी नेतो. एक म्हणजे हातातली कला, आणि दुसरी या वहीची नक्कल. तळोद्याला, अक्कलकुव्याला, धडगावला अशी दुकानं झाली. म्हणजे माझ्या दुकानाने दुकानं घातली!

फॉन नॉयमनचं म्हणणं हेच होतं. स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्राकडे एक वही हवी. ती वही दोनदा कामाला येते. एकदा वाचून त्याप्रमाणे नवं यंत्र बांधायचं, आणि दुसऱ्यांदा न वाचता जशीच्या तशी उतरवून नव्या यंत्राच्या हाती द्यायची. सजीवांच्या पेशीत डीएनएचं कामही असंच चालतं, हे त्यानंतर काही वर्षांनी उलगडलं. वामनाला हवी असलेली ताकद ही आहे. एका वामनाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. तीस वेळा दुप्पट झाले की संख्या शंभर कोटींच्या वर जाते. बुद्धिबळाच्या पटावर तांदळाचे दाणे ठेवण्याची गोष्ट सरांनी सांगितली होती, ती आठवा. वामनाची तीन पावलं म्हणजे हीच दुप्पट. पहिल्या पावलाला कुणी घाबरत नाही.

पण मिस्त्री म्हणून माझी एक शंका आहे. माझ्या वहीत सगळं नाही. वार्निशचा वास किती करपट आला म्हणजे मोटर ओव्हरलोडने जळली आणि कधी एक फेज गेल्याने जळली, हे वहीत नाही. बेअरिंगवर हात ठेवल्यावर येणारी थरथर वहीत नाही. पोरगा चार वर्षं शेजारी बसला तेव्हा ते त्याच्या हातात उतरलं. जे वहीत उतरत नाही ते यंत्राच्या नकलेतही उतरणार नाही. वामनाने वामन घडवला, पण त्याला घडवणाऱ्याची भीती, दया आणि 'आता पुरे' म्हणण्याची अक्कल त्या वहीत कोण लिहिणार?

परवा पाडवा झाला, काल भाऊबीज. पाडव्याला आपल्याकडे बायका ओवाळताना म्हणतात, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. पुराणात जिंकला वामन, पण आपल्या आयाबहिणी दर दिवाळीला आठवण काढतात ती बळीची. नारळीकरांनी यंत्राला वामन नाव दिलं तेव्हा बळी कोण हे त्यांनी वाचकावर सोडलं. बळी म्हणजे देणारा. शब्द देऊन बसलेला. तीन पावलं म्हणजे किती, हे न विचारता हो म्हणणारा.

आपल्या जिल्ह्याला हे वाचताना दूरचं वाटत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. त्या धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा ठरला. मी विजेवर पोट भरणारा माणूस आहे, वीज नको असं मी म्हणणार नाही. पण पहिलं पाऊल मागताना शेवटचं पाऊल कुठे पडणार, हे ज्याच्या डोक्यावर ते पडतं त्याला विचारलं गेलं पाहिजे. आपल्या वर्गात काठावरच्या गावांतून आश्रमशाळेमार्गे आलेले मित्र होते. आज तेही इथे बसले आहेत. त्यांच्यासमोर एवढं बोललंच पाहिजे.

दुसरं पाऊलही आपल्याच जिल्ह्यात पडलं. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पंतप्रधान स्वतः आले होते. बारा आकडे, बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं. यंत्राने माणूस ओळखायची सुरुवात आपल्या मातीतून झाली. त्यातून बँकेत खातं आलं, पैसे थेट जमा होऊ लागले, हे खरं आहे. आणि निंदणी-खुरपणी करून, मिरची खुडून झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, असं देशात अनेक ठिकाणी घडलं, हेही खरं आहे. ज्याने सगळ्यात जास्त काम केलं त्याचाच ठसा पुसट. माणूस समोर उभा असताना यंत्र 'नाही' म्हणतं. त्या वेळी यंत्रापलीकडे बसलेल्या माणसाने मान वर करून पाहिलं, तर काम होतं. नाही पाहिलं, तर तिथे वामनच बसलेला आहे असं समजा.

पन्नाशीतलं वाचन हे असं झालं. चौदाव्या वर्षी मला वामनाची भीती वाटली होती. आता त्याच्याबद्दल तेवढी वाटत नाही. पेटी उघडल्यावर आतली कृती न समजता राबवायला निघालेल्या हुशार माणसांची वाटते. माझ्या दुकानात आज नवे स्टार्टर येतात, त्यांत कार्ड असतं. कार्ड गेलं की उघडायचं नाही, बदलायचं. शिकायला येणारी पोरं विचारतात, "काका, उघडून पाहायचं कशाला? मोबाईलला विचारू, तो सांगेल कुठलं बदलायचं." मोबाईल बरोबरही सांगतो. पण ज्या दिवशी तो चुकेल त्या दिवशी तो चुकला हे ओळखायला कोणीतरी लागेल. तो कोणीतरी कुठे तयार होणार?

म्हणून आता मुद्द्यावर येतो. आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आहे. आज दुपारी त्याचं काय करायचं हे ठरणार आहे. बहुतेकांचं मत डिजिटल फळा घ्यावा असं आहे. माझा विरोध नाही. तालुक्याबाहेर न गेलेल्या मुलीला त्या फळ्यावर शनीची कडी दिसत असतील तर दिसू द्या. नारळीकर सरांना ते आवडलंच असतं.

पण माझी विनंती आहे की सगळा पैसा त्यात घालू नका. प्रयोगशाळेच्या शेजारची खोली रिकामी पडली आहे. तिथे एक लांब, मजबूत टेबल टाकू. त्यावर जळालेली मोटर, बंद पडलेला पंखा, जुना रेडिओ, मिक्सर, मोबाईलचं खोकं, सायकलचं डायनॅमो अशा वस्तू ठेवू. पाने, पकडी, मल्टिमीटर घेऊ. टेबलावर वीज येणार नाही अशी सोय करू, म्हणजे पालकांना आणि मुख्याध्यापकांना काळजी नको. नियम एकच. इथे वस्तू दुरुस्त झालीच पाहिजे असं नाही, पण उघडून पाहिलीच पाहिजे. आणि जे दिसलं ते वहीत लिहून, चित्र काढून ठेवलं पाहिजे. त्याच खोलीत एक कपाट. त्यात 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' ही पुस्तकं, आणि कुलूप नको. आपल्या वेळी कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली सरांच्या खिशात. सर चांगले होते म्हणून मला पुस्तक मिळालं. प्रत्येक मुलाला चांगले सर भेटतीलच असं नाही, म्हणून कुलूपच नको.

सामान मी देतो. जळालेल्या मोटरींचा माझ्याकडे तोटा नाही. पहिलं वर्षभर दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास मी स्वतः येईन. आपल्यात डॉक्टर आहेत, बँकेतले आहेत, शेती करणारे आहेत, पुण्या-सुरतेत कॉम्प्युटरवर काम करणारे आहेत. दिवाळीला, उन्हाळ्यात घरी आलात की एक शनिवार तुम्ही घ्या. केळीच्या रोपाची उती संवर्धनाची बाटलीही त्या टेबलावर ठेवता येते, आणि संगणकाची आज्ञावलीही कागदावर उलगडून दाखवता येते.

आणि माझी ती तीस वर्षांची वही. तिची एक नक्कल मी आज बरोबर आणली आहे. ती त्या कपाटात पहिली ठेवावी, अशी मुख्याध्यापकांना विनंती करतो आणि थांबतो.